सदका, रिया आणि जुन्या मोटारी

दान गुपचूप द्यावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही हदीसमधली शिकवण मदरशात न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. मग ज्या दानाचा पायाच देखावा आहे, त्याला काय म्हणायचे? जुन्या मोटारी आणि मोटारसायकली झळाळून मैदानात उभ्या करायच्या, लोकांनी तिकीट काढून त्या पाहायच्या आणि जमलेली रक्कम गरजूंसाठी द्यायची, अशी प्रदर्शने आता नवी राहिलेली नाहीत. ते पुण्य की रिया, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण नीयत, मालकी आणि माणसाची इज्जत अशा तिन्ही गोष्टी त्यात अडकल्या आहेत.

आपल्या देशात जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला मोठी परंपरा आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने 1964 साली अशी रॅली सुरू केली. मुंबईत हॉर्निमन सर्कलहून निघालेल्या व्हिंटेज गाड्या पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होते. त्यात मदतनिधीचा विचारही मिसळत गेला. 2012 साली सिडनीच्या मार्क हव्वा यांनी सुटाबुटात जुन्या धाटणीच्या मोटारसायकली चालवण्याचा एक उपक्रम सुरू केला. पुढे त्यातून पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगावरील संशोधनासाठी आणि मानसिक आरोग्यासाठी पैसा उभा राहू लागला. तो मुंबई-पुण्यापर्यंतही पोहोचला. म्हणजे शौक आणि सेवा यांची सोयरीक जमू शकते, हे दिसलेच आहे. ती सोयरीक कोणत्या अटींवर टिकावी, एवढेच ठरवायचे आहे.

असे प्रदर्शन मासवणला भरवायचे ठरले, असे क्षणभर धरू. पालघर-मनोर रस्त्यावरचे, सूर्या नदीकाठचे हे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोरला गाठता येतो, त्यामुळे मुंबई-वसईच्या शौकिनांना येणे सोपे. आजूबाजूला आदिवासी पाडे, म्हणजे गरजूही जवळच. जागा, गाड्या, प्रेक्षक, लाभार्थी, सगळे जुळते. आणि इतके सहज जुळते, तेव्हाच थांबून विचार करावा लागतो.

पहिला आक्षेप रियाचा. दाखवण्यासाठी केलेल्या इबादतीला पैगंबरांनी (स.) लहान शिर्कच म्हटले आहे. पण कुरआनने उघड दानाला वाईट ठरवलेले नाही. सूरह बकराच्या 271व्या आयतीत उघड दानालाही चांगलेच म्हटले आहे, आणि गुप्तपणे गरिबांना देणे अधिक चांगले, असे सांगितले आहे. उघड दान पाहून दुसऱ्याचा हात खिशात जातो, हा त्याचा फायदा. खरी सक्त ताकीद त्याच सूरहच्या 264व्या आयतीत आहे. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, असा तिचा आशय. म्हणजे दान उघड झाल्याने बिघडत नाही. घेणारा उघडा पडला, की ते बिघडते. मंचावर गाडीशेजारी पाड्यावरच्या मुलाला उभे करून त्याच्या हाती पाकीट देताना फोटो काढला, तर प्रदर्शनात दोन वस्तू मांडल्या जातात, एक मोटार आणि एक गरीब. हिशेब चारचौघांत वाचावा, नावे मात्र झाकावीत. आपण नेमके उलटे करतो. लाभार्थ्यांची यादी फलकावर लावतो आणि खर्चाचा कागद कपाटात ठेवतो.

दुसरा प्रश्न असा, की यात देतो कोण? मालक गाडी आणतो आणि संध्याकाळी घरी घेऊन जातो. पैसे देतो तो पन्नास रुपयांचे तिकीट काढणारा रिक्षावाला, शिक्षक, तारापूरच्या कारखान्यातला कामगार. टाळ्या मात्र मालकाच्या वाट्याला येतात. कोणी म्हणेल, हा वक्फचाच प्रकार झाला. खैबरच्या जमिनीबद्दल हजरत उमर (र.) यांना पैगंबरांनी (स.) हाच सल्ला दिला होता, की मूळ राखून ठेवा आणि उत्पन्न दान करा. पण वक्फमध्ये मालक मालकी सोडतो. ती मालमत्ता मग विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. इथे मालकी शाबूत राहते, उलट चार ठिकाणी मिरवलेल्या गाडीचे मोल वाढते. तेव्हा याला दान न म्हणता मेजवानी म्हणावे, ते अधिक प्रामाणिक. मेजवानीही लहान गोष्ट नाही. हजरत इब्राहीम (अ.) यांची ओळखच पाहुणचारासाठी आहे. पण मेजवानीचा नियम असा, की खर्च यजमानाचा. मंडप, पेट्रोल, भोजन हे सगळे गाडीवाल्यांनी सोसावे आणि तिकिटाचा प्रत्येक रुपया जिथे सांगितला तिथे जावा. तिकिटाच्या पैशातून मंडपवाल्याचे बिल भागले, तर पाहुण्याच्या ताटातूनच यजमान जेवला, असे होईल.

इथेच जकातचा गुंता येतो. स्वतःच्या वापरातल्या वाहनावर जकात नाही. व्यापारासाठी ठेवलेल्या मालावर अडीच टक्के आहे. मग लाखो रुपयांची, न वापरलेली, विकायला न काढलेली, फक्त जपलेली मोटार कुठे बसते? फिक्हच्या अक्षरानुसार ती बहुधा सुटते. पण अक्षरातून सुटलेला माणूस प्रश्नातून सुटत नाही. निदान एवढे तरी स्पष्ट असावे, की लोकांच्या तिकिटाचे पैसे आपली जकात म्हणून मोजता येत नाहीत.

जुने म्हणजे काय, यातही मोठा भेद लपलेला आहे. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली खाजगी दुचाकी वा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. ती प्रदर्शनात, रॅलीत नेता येते, रोजच्या वा धंद्याच्या कामाला नाही. दुसरीकडे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीने आपल्या किती मोहल्ल्यांतली चूल पेटती ठेवली! टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. 2003 साली नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. शौकिनाची गाडी पन्नास वर्षांची झाली की वारसा ठरते, कष्टकऱ्याची वीस वर्षांत भंगार. नियमामागे सुरक्षेची आणि धुराची कारणे आहेत, ती खोटी नाहीत. तरीही प्रदर्शनात एखादी पद्मिनी असावी आणि तिच्याजवळ ती चालवून मुले शिकवलेला माणूस असावा. ज्या मिस्त्रीने न मिळणारा सुटा भाग लेथवर घडवून बंद इंजिन सुरू केले, त्याचेही नाव मालकाच्या नावाखाली लिहावे. ती खैरात नव्हे, त्याचा हक्क आहे.

सूरह माऊन फक्त सात आयतींची आहे. अनाथाला ढकलणारे, मिस्किनाच्या अन्नाची आच नसलेले, दाखवण्यासाठी नमाज पढणारे यांच्या पंक्तीतच तिथे रोजच्या वापरातली साधी वस्तूही शेजाऱ्याला न देणारे बसवले आहेत. रिया आणि कंजुषी एकत्र का आली असावीत? ज्याची नजर पाहणाऱ्यांवर खिळते, त्याला मागणारा दिसत नाही, म्हणून. एके काळी गावात एखादीच जीप असे, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला तीच इस्पितळात नेई. त्या जीपची कोणी मिरवणूक काढली नाही. वाहनाचे खरे दान त्याच्या सीटमध्ये असते, रंगात नाही. जमलेल्या पैशातून पाड्यांसाठी रुग्णवाहिकेचे डिझेल आणि चालकाचा पगार वर्षभर निघाला, तर पाहण्याच्या गाड्यांनी चालणारी गाडी दिली, असे म्हणता येईल.

आणि शेवटी मासवणचे काय? इथून सूर्या नदीचे पाणी उचलून वसई-विरारकडे नेले जाते. तिथल्या नळाला येणाऱ्या पाण्यावर मासवणचे नाव लिहिलेले नसते. यालाही गुप्तदान म्हणावे का? नाही. दानाला देणाऱ्याची इच्छा लागते. म्हणून शहरातले पाहुणे इथे मदत घेऊन येतील, तेव्हा आपण केवळ देणारे नाही, आधीपासूनचे घेणारेही आहोत, हे त्यांनी लक्षात ठेवावे. मैदान कोणते, दिवस कोणता आणि पैसा कशावर खर्चायचा, हे ग्रामसभेला विचारून ठरावे.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर प्रदर्शनच होणार नाही आणि आजाऱ्याचे औषध राहून जाईल. हा आक्षेप वजनदार आहे. डायलिसिसवरचा रोगी देणाऱ्याची नीयत तपासत नाही, आणि आपणही तपासू नये. नीयतीचा हिशेब बंदा आणि अल्लाह यांच्यातला आहे. पण खर्च कोणी सोसला, पैसा कुठे गेला आणि घेणाऱ्याची मान ताठ राहिली का, हे हिशेब आपल्यातले आहेत. त्यांच्यासाठी कोणाचे अंतःकरण उघडून पाहावे लागत नाही, वही उघडली की पुरते. प्रदर्शन जरूर भरवावे. गाड्या खुशाल झळाळू द्याव्यात. फक्त प्रवेशद्वारापाशी जमाखर्चाचा फलकही तेवढ्याच ठळक अक्षरांत लागलेला असावा.