व्हाली आणि समुद्रकाकडी

२००१ साली आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रातील दोन जीवांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, नेऊन बसविले. एक व्हेल शार्क, मुशीच्या कुळातला, जगातील सर्वांत मोठा मासा. दुसरी समुद्रकाकडी, जिला मेंदू नाही, आणि जी तळाची वाळू गिळून त्यातील कुजका अंश पोटात ठेवते व वाळू पुन्हा बाहेर टाकते. कायद्याने दोघांना सारखाच पाट मांडला. माणसांच्या मनाने तसे केले नाही.

गुजरातेत वेरावळच्या किनाऱ्यावर दरवर्षी शेकडो व्हेल शार्क मारले जात. यकृताचे तेल होड्यांना चोपडीत, मांस परदेशी जाई. २००४ साली मोरारी बापूंनी कोळी बांधवांना सांगितले, ही तर बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक! तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले, आणि ज्या हातांनी तिला मारले तेच हात स्वतःचे जाळे कापून तिला सोडू लागले. जाळ्याची भरपाई सरकार देते, हे खरे. तथापि भर समुद्रात आपल्याच जाळ्यावर सुरी चालविणे केवळ भरपाईच्या आशेने घडत नाही, असे आम्हांस वाटते.

समुद्रकाकडीला लेक कोण म्हणणार? मन्नारच्या आखातातील पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या ती वेचून, उकडून, वाळवून विकत. बंदीने त्यांची चूल विझू लागली. ती उठवावी, अशी त्यांची मागणी राहिली. चोरटा व्यापारही थांबलेला नाही. शिवाय नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडतात. ती एकमेकांजवळ नसली तर बीजांची गाठच पडत नाही. म्हणजे शेवटची समुद्रकाकडी उचलली जाण्याच्या कितीतरी आधी तिचा वंश खुंटलेला असतो, आणि तळाशी काय सरले हे वरून कुणाला दिसतही नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत व्हेल शार्क संकटग्रस्त आहे, आणि सर्वाधिक किंमत मिळणाऱ्या जातींपैकी एक असलेली वाळूतील समुद्रकाकडीही. मग आम्ही व्हालीला वाचविले, की तिच्यात दिसलेल्या आमच्याच लेकीला? नात्याने जागलेली दया आम्ही हलकी मानीत नाही. तिने जीव वाचले आहेत. परंतु ज्याच्याशी नाते जुळविताच येत नाही, त्याचे आम्ही काही देणे लागतो की नाही?

२०२० साली लक्षद्वीपात खास समुद्रकाकडीसाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. तिला तेथे कुणी लाडके नाव दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.