अति पोषण आणि शेजारधर्म

जितकें अधिक द्यावें तितकें हित अधिक, असें मानण्याची मनुष्याची वहिवाट आहे. परंतु 'अति तेथें माती' ही आपली म्हण किती खरी आहे, हें नेदरलँड्स देशांतील पाईन वृक्षांच्या वनांवरून कळून येतें.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तेथें उडती वाळू आवरण्यासाठीं रेताड माळांवर पाईनची लागवड झाली. ती जमीन निकस खरी; पण तो निकसपणाच अनेक जातींच्या अळंब्यांचा आधार होय. त्यांचे तंतू झाडाच्या मुळ्यांस वेढून राहतात, झाडास पाणी व क्षार पुरवितात, आणि झाड त्यांस साखर देतें. या सहवासास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनीं १८८५ सालीं नांव दिलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत गुरें, डुकरें व कोंबड्या फार वाढल्या. त्यांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया वाऱ्याबरोबर वनांत जाऊन नत्ररूपानें जमिनींत उतरूं लागला. पाचोळ्याचा थर जाड होत गेला, गवत माजलें, आणि दगडफूल व मुळ्यांच्या सोबतीच्या अळंब्या कमी झाल्या. तेव्हां १९९० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं कांहीं ठिकाणीं तो थर खरवडून खालची वाळू उघडी केली, आणि थोड्याच वर्षांत तेथें अळंब्यांच्या अधिक जाती उगवल्या. दिल्यानें जें गेलें, तें काढून घेतल्यानें परत येऊं लागलें.

आतां प्रश्न उरतो तो नीतीचा. वरून नत्र पडतच राहिला, तर खरवडणें हें गळक्या घरांतील पाणी उपसण्यासारखें नव्हे काय? शिवाय थराबरोबर उपयुक्त क्षार व किड्यांचें अन्नही जातें. म्हणून दोष मुळांतच आवरला पाहिजे. मे २०१९ मध्यें तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायसभेनें, पुढील सुधारणेच्या भरंवशावर आज नत्र सोडण्याचे परवाने देणारी योजना अमान्य केली. तो निर्णय आम्हांस योग्य वाटतो. उद्यां भरून देऊं म्हणून आज शेजाऱ्याचें नुकसान करणें बरें नव्हे.

तथापि सर्व भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणेंही न्याय्य नाहीं. अधिक उत्पन्न काढण्यास राज्यानेंच त्यास उत्तेजन दिलें, आणि स्वस्त दूध-मांस सर्वांनीं खाल्लें. ज्यांनीं लाभ घेतला त्यांनीं खर्चही वांटून घ्यावा. आमच्या वाचकांनींही शेतांत खताची मूठ टाकितांना, ती आपल्या बांधापलीकडे कोठवर जाईल, याचा विचार अवश्य करावा.