याईराच्या घरांतील शेवटची आज्ञा

शास्त्रभाग : मार्क ५ : २१–४३



याईराच्या मुलीची कथा आपल्यापैकीं बहुतेकांना शब्बाथ शाळेपासून ठाऊक आहे. मेलेली मुलगी उठून चालूं लागली, एवढें वाचून आपण समाधानानें पुस्तक मिटतों. परंतु मार्काचा अध्याय तेथें संपत नाहीं. घर सोडण्यापूर्वीं प्रभूनें आणखी एक आज्ञा केली. ह्या मुलीला कांहीं खावयास द्यावें, असें त्यानें घरच्या माणसांस सांगितलें. एवढ्या मोठ्या चमत्कारापुढें ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटते, म्हणून आपल्या उपदेशांतून ती बहुधा वगळली जाते.

पण विचार करा. ज्यानें तिला मरणाच्या हातून सोडविलें, त्याला तिचें पोट भरणें अवघड होतें काय? पुढच्याच अध्यायांत त्यानें पांच हजारांना जेवूं घातलें. तरी येथें त्यानें तें काम आपल्याकडे घेतलें नाहीं. जें मनुष्यांच्या हातीं नव्हतें तें त्यानें केलें. जें त्यांच्या हातीं होतें तें त्यानें त्यांच्यावरच सोंपविलें. आईबापांनीं ती आज्ञा मोडली असती तर काय झालें असतें? जिला प्रभूनें उठविलें तिला तिच्याच घरानें पुन्हा निजविलें असतें.

ह्या आज्ञेचा अर्थ मला एका लहानशा थडग्यापाशीं कळला. तो कसा कळला हें सांगावयास मला लाज वाटते, तरी सांगितलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या देखरेखीखालील एका खेड्यांतील मंडळींत मीं एका तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा केला. उपासनेनंतर त्या घरीं जेवण होतें. पहिल्या पंगतीला पुरुष बसले, व त्यांच्या अग्रभागीं मी बसलों. मग मुलें बसलीं, मग पाहुण्या बायका. बाळाची आई जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. तिच्या लग्नाच्या वेळीं वय पुरें आहे असें मला सांगण्यांत आलें, आणि मींहि अधिक चौकशी केली नव्हती. ती सर्वांना वाढीत होती. दिवस कलतां मी निघालों तेव्हां ती चुलीपाशीं बसून पातेल्याच्या बुडाचा रस्सा व अर्धी भाकरी खात होती. मीं तें पाहिलें. परंतु दृश्य नेहमींचें होतें, म्हणून मला त्यांत कांहींच वावगें दिसलें नाहीं.

ती मुलगी चौदा महिन्यांची झाली असतां तिला जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशीं ती वारली. थडग्यापाशीं मीं तेंच सांगितलें, जें आम्ही पाळक अशा वेळीं सांगत आलों आहों. ही परमेश्वराची इच्छा होती, त्यानें आपल्या बागेंतलें फूल आपल्याजवळ नेलें. परततांना गांवची अंगणवाडी सेविका माझ्याबरोबर चालत होती. ती आपल्या मंडळींतली नव्हे. ती अदबीनें म्हणाली, “पाळकसाहेब, राग मानूं नका. त्या लेंकराचा दंड दोन महिने लाल पट्टींत होता. आईला पुन्हा दिवस गेले होते, दूध आटलें होतें. दवाखान्यांत न्या म्हणून मी तीनदां सांगून आलें. ह्यांत देवाला कशाला आणतां?”

बंधूंनो, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. लहानांतील एकहि हरवणें स्वर्गांतील पित्याला मान्य नाहीं, ही प्रभूची शिकवण मीं कितीदां तरी सांगितली होती. आणि आज उघड्या थडग्यापुढें, रडणाऱ्या आईच्या देखत, मीं त्याच पित्याविरुद्ध खोटी साक्ष दिली होती. जें आम्हीं केलें नव्हतें त्याचा दोष मीं त्याच्या इच्छेवर घातला होता.

तेव्हांपासून हा अध्याय मी निराळ्या डोळ्यांनीं वाचतों. मार्कानें येथें दोन कथा एकमेकींत गुंफिल्या आहेत. याईराची मुलगी बारा वर्षांची आहे. आणि वाटेंत प्रभूच्या वस्त्राला शिवणारी बाई बारा वर्षें रक्तस्रावानें झिजत आली आहे. त्या काळच्या वैद्यांनीं तिचा पैसा संपविला, दुखणें मात्र वाढविलें. प्रभु तिला मुलगी म्हणून हांक मारितो, आणि मग दुसऱ्या मुलीच्या घरीं जातो. गालीलांत ह्या दोघी निरनिराळ्या होत्या. आपल्या खेड्यांत त्या बहुधा एकच असतात. आज जी अर्धपोटीं वाढणारी बारा वर्षांची मुलगी आहे, तीच थोड्या वर्षांनीं रक्त आटलेली आई होते. आणि तिच्या पोटीं जें लेंकरूं येतें तें जन्मापासूनच दुबळें असतें. दुष्काळ नसतांहि चालणाऱ्या ह्या उपासमारीच्या तीन गोष्टी आज आपण ध्यानांत घेऊं.

पहिली गोष्ट ही कीं मुलाची उपासमार आईच्या ताटांत सुरू होते. २०१९–२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आहेत व ३६ मुलांचें वजन कमी आहे. त्याच पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. आणि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांत हें प्रमाण शंभरांत सुमारें ६९ होतें. हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून वाचा. आईच्या अंगांत जें नाहीं तें ती बाळाला कोठून देणार? शिवाय २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं २२ जणींचें लग्न अठरा पुरीं होण्यापूर्वीं झालेलें होतें. ज्या मुलीचें स्वतःचेंच अंग अजून वाढत आहे, तिच्या घासांत बाळ वांटेकरी होतें. मग दोघांनाहि पुरेसें मिळत नाहीं. अशा आईचें मूल पुष्कळदां अडीच किलोहून कमी वजनाचें जन्मतें, आणि अशा मुलाला आजार व मरण ह्यांचें भय अधिक असतें. वर्षा-सव्वा वर्षांत दुसरें बाळंतपण आलें, तर झीज भरून येण्यास आईला अवकाशच मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं ह्याला काळाची मर्यादा आहे. गरोदरपणाचे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३०, मिळून एक हजार दिवस होतात. शरीराचा व मेंदूचा पाया ह्या दिवसांत घातला जातो, आणि ह्या काळांत राहिलेली उणीव पुढें भरून काढणें फार कठीण असतें. शमशोनाच्या जन्माची वार्ता घेऊन देवदूत आला, तो प्रथम आईकडे आला, आणि मूल पोटांत येण्यापूर्वींच तिच्या खाण्यापिण्याविषयीं तिला आज्ञा करून गेला, हें शास्ते ह्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायांत आपण वाचतों. आपल्याकडे ह्याच्या उलट चालतें. बाळ पोटांत मोठें होईल व बाळंतपण अडेल म्हणून गरोदर बाईला कमी जेवूं घालितात. पहिलें पिवळसर दूध, ज्याला चीक म्हणतात, तें पिळून टाकितात. वास्तविक बाळाला रोगांपासून राखणारें तें पहिलेंच देणें होय. सहा महिनेपर्यंत आईच्या दुधावांचून पाण्याचा थेंबहि नको, तेथें मध व घुटी चाटवितात. आणि सहा महिन्यांनंतर जेव्हां वरचें अन्न हवें, तेव्हां चहांत बुडविलेलें बिस्किट हातीं देऊन गप्प बसवितात. बाळाचें पोट लहान असतें, म्हणून त्याला थोडें थोडें पण दिवसांतून पुष्कळदां, आणि घट्टसर अन्न पाहिजे : मऊ भात व वरण, दुधांत कुसकरलेली भाकरी, त्यावर तेलाची धार, दाण्याचें बारीक कूट, मिळेल तेव्हां अंडें. जुलाब लागले तरी अंगावरचें दूध व अन्न तोडूं नये. जलसंजीवनी पाजावी व दवाखाना गांठावा. सहा महिन्यांपुढील मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर तो दृष्टीचा प्रकार नव्हे. ती अन्नाची हांक आहे, आणि तिला उशीर चालत नाहीं.

तिसरी गोष्ट पंगतीची. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनासाठीं जमे, तेव्हां ज्यांच्याजवळ होतें ते आधीं जेवून घेत आणि गरीब उपाशी राहात. पौलानें त्यांना ११ व्या अध्यायांत कठोर शब्दांत सांगितलें कीं हें प्रभूचें भोजन नव्हेच. तुम्ही एकमेकांसाठीं थांबा. आपल्या वेदीपुढें आपण त्या नियमानें चालतों. तेथें पाटील व शेतमजूर, सासू व सून एकाच भाकरीचे वांटेकरी होतात. परंतु घरीं गेल्यावर? धनी आधीं, मुलगे मग, मुली त्यानंतर, आणि सून सर्वांच्या शेवटीं, उरलें तर. ज्या घरांत अन्न थोडें असतें तेथें शेवटीं जेवणें म्हणजे न जेवणें होय. अंगणवाडींतून गरोदर बाईसाठीं मिळालेला शिधा सगळ्या घरांत वांटला जातो, कधीं म्हशीच्या आंबोणांतहि जातो. मग तिच्या वांट्याला काय येतें?

येथें एक सांगितलें पाहिजे. ह्या सर्वांचा दोष आईच्या माथीं मारूं नका. तो आमचा जुना डाव आहे. बीड, अहिल्यानगर, जालना ह्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास जीं जोडपीं ऊसतोडणीस जातात, त्यांच्यांतली बाई पहांटे अंधारांत फडांत उतरते. तान्हें लेंकरूं बांधावर किंवा कोपींत मोठ्या बहिणीच्या कडेवर असतें, व ती बहीण शाळेला मुकते. उचल फिटेपर्यंत तिला आजारी पडण्याची मुभा नाहीं. तिला पोषणाचे नियम कितीहि पढविले तरी ती वेळ कोठून आणील? ज्या घरीं मजुरी दारूच्या दुकानांत उतरते, तेथें डाळ कोठून येईल? हें पाप एकट्या आईचें नाहीं. घराचें, गांवाचें, मुकादमाचें, आणि पाहून न पाहिल्यासारखें करणाऱ्या मंडळीचेंहि आहे.

म्हणून पश्चात्ताप हा डोळ्यांतील पाण्यानें पुरा होत नाहीं. तो ताटांत दिसला पाहिजे. आमच्या मंडळ्यांतून आम्हीं कांहीं साधे नियम धरिले आहेत, ते आपल्यापुढें ठेवितों. प्रीतिभोजनाच्या पहिल्या पंगतीला गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका बसतात, मग त्या कोणत्याहि घरच्या असोत. पाळक व पंच शेवटीं जेवतात. बायका घरीं रोज जी मूठ धान्याची बाजूला काढितात, तिच्यांतील एक वांटा, व सुगीच्या सणाला आलेलीं अंडीं व शेंगा, अशक्त मातांच्या घरीं पोंचविल्या जातात, ती बाई ख्रिस्ती आहे कीं नाहीं हें न विचारतां. मुलीचें अठरा व मुलाचें एकवीस वर्षें वय कागदावर पाहिल्यावांचून मी लग्नाची घोषणा करीत नाहीं. २००६ चा कायदाहि हेंच सांगतो. लोहाची गोळी गरोदरपणांत १८० दिवस रोज घ्यावी, ती लिंबाच्या फोडीबरोबर घ्यावी व चहाबरोबर घेऊं नये, हें महिला सभेंत दर महिन्यास सांगितलें जातें. ऊसतोडणीस निघणाऱ्यांस आम्ही प्रार्थना करून निरोप देतों, तेव्हां हेंहि सांगतों कीं जेथें जाल तेथील अंगणवाडींत आईचें व मुलाचें नांव घाला; २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तो तुमचा हक्क आहे, कोणाची भीक नव्हे.

हीं कामें लहान आहेत, आणि त्यांनीं सर्व मुलें वांचलीं असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांतून आम्हीं तें लेंकरूं मातींत ठेविलें, त्या घरीं गेल्या वर्षीं मी पुन्हा जेवावयास गेलों. सुनेच्या कडेवर दुसरें मूल होतें. मी पाटावर बसलों, तोंच सासूबाई मला म्हणाल्या, “साहेब, जरा थांबा हं.” त्यांनीं सुनेला खालीं बसविलें, तिच्यापुढें भाकरी, डाळ व उकडलेलें अंडें वाढिलें आणि मूल स्वतःच्या मांडीवर घेतलें. मी थांबलों. त्या दिवशींच्याइतकें चवीचें जेवण मीं फार थोड्या वेळां केलें असेल.

बंधुभगिनींनो, याईराच्या घरांत लोक प्रभूला हंसले, कारण मुलगी मेली हें त्यांनीं ठरविलें होतें. आमचींहि मनें तशींच ठरून गेलीं आहेत. गरिबांचीं मुलें बारीकच असावयाचीं, सून शेवटींच जेवावयाची, हें असेंच चालावयाचें. प्रभु आजहि आपल्या उंबऱ्यावर उभा आहे. जीवन देण्याचें काम त्याचें आहे, व तें तो करीतच आहे; प्रत्येक जन्मलेलें लेंकरूं त्याची साक्ष आहे. दुसरें काम त्यानें आपल्यावर सोंपविलें आहे. आज घरीं जाल तेव्हां पहिलें ताट कोणापुढें ठेवाल, तेवढें ठरवून उठा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या आळसाला आम्हीं तुझी इच्छा असें नांव दिलें, ह्याची आम्हांस क्षमा कर. ज्या माता अर्ध्या पोटीं पाजतात त्यांना बळ दे. ज्यांचीं लेंकरें गेलीं त्यांचें सांत्वन कर. आमच्या पंगतींचा क्रम तूं बदल, आणि जें लेंकरूं तूं आम्हांस दिलें आहेस त्याला खावयास देण्यास आमचे हात मोकळे कर. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.