आधी कुणाचा पंप?

धुळ्याला शिकणारा माझा भाचा परवा जळगावी आला तो एक डबी घेऊन. केळीच्या बागेतला ओलावा मोजणारं यंत्र म्हणे. मी बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, तर स्वारी दोन सेकंद विचार करून मग विझली.

"बिघडलंय रे."

"नाही मामा. बटण दाबाल तेवढ्यापुरतीच बॅटरी जोडली जाते. तेवढ्यात मायक्रोकंट्रोलर जागा होऊन मॉस्फेट स्वतःच धरून ठेवतो. बंद करताना तुम्ही नुसतं सुचवायचं. तो आकडे लिहून ठेवतो आणि मग आपण होऊन सोडतो."

म्हणजे आमच्या कॅशियरसारखाच! शटर पडलं तरी हिशेब जुळल्याखेरीज उठायचं नाही.

विहिरीवरचा स्टार्टरही तसाच. हिरवं बटण सोडलं तरी कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो. वीज गेली की मात्र सोडतो, आणि ती परत आली तरी कुणी बटण दाबल्याशिवाय हलत नाही. पण रात्री दोनला वीज आली तर गारठ्यात, बिबट्याच्या भीतीत दाबणार कोण? म्हणून मेहुण्यांनी ऑटोस्विच बसवलाय. शेजाऱ्यांनीही. वीज येते, सगळे पंप एकदम उठतात आणि रोहित्र जळतं. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण कधीपासून सांगतंय.

मेहुणे म्हणतात, "मी एकट्यानं काढला तर पाणी शेजाऱ्याला, आणि रोहित्र जळायचं ते जळणारच."

रात्री पंख्याचं बटण दाबायलाही बायकोला उठवणारा मी, काय बोलणार?

भाचा म्हणाला, "मामा, पंप मागेपुढे सुरू होतील असं करता येईल."

"छान! शेवटचा नंबर तुझ्या बाबांचा लावशील?"

तो डबीचं झाकण घट्ट करू लागला.