सर्व्हेनंतरची घासाघीस: दिलेला शब्द आणि कळलेला दोष

इंग्लंड आणि वेल्समध्ये घराची किंमत एकदा ठरते आणि पुष्कळदा पुन्हा ठरते. खरेदीदार घर पाहून इस्टेट एजंटमार्फत ऑफर देतो आणि मालक ती स्वीकारतो. सौदा झाला असे दोघेही घरी सांगतात, पण कायद्याने त्या घडीला कोणीच बांधलेले नसते. जमीनजुमल्याच्या विक्रीचा करार लेखी आणि सहीचाच हवा, असे १९८९ चा तिथला कायदा सांगतो. दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर सह्या झालेल्या प्रतींची अदलाबदल करेपर्यंत कोणालाही बिनदिक्कत माघार घेता येते. मधल्या आठवड्यांत खरेदीदार स्वतःच्या खर्चाने सर्व्हेयरकडून घर तपासून घेतो. अहवालात दोष निघतात आणि ठरलेली किंमत उतरवण्याची मागणी होते. ही मागणी न्याय्य कधी ठरते आणि कधी नुसती संधिसाधू, हा प्रश्न त्या देशापुरता किंवा आजच्या काळापुरता नाही.

समजा, पहिल्यांदाच घर घेणाऱ्या एका जोडप्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, रांगेतल्या विटांच्या घरासाठी २,८५,००० पौंड कबूल केले. जुन्या घरासाठी योग्य म्हणून त्यांनी सर्वांत सविस्तर, म्हणजे लेव्हल ३ चा सर्व्हे घेतला. सर्व्हेयरने दोन टोकांचे ओल मोजायचे यंत्र पुढच्या खोलीच्या भिंतीला जमिनीलगत लावले, माळ्यावर टॉर्च फिरवला, रस्त्यावरून दुर्बिणीने छप्पर पाहिले. अहवालात स्लेटच्या पाट्यांचे खिळे गंजले आहेत आणि पाट्या खाली सरकत आहेत, खालच्या भिंतींत ओल आहे, वायरिंग जुने आहे असे निघाले. छपरासमोर लाल रंगात ३ चा आकडा, म्हणजे तातडीने दुरुस्ती. कंत्राटदाराने १४,००० पौंडांचा अंदाज दिला. आता किमतीतून हे सगळे १४,००० वजा मागायचे का?

पहिली अडचण दिलेल्या शब्दाची. कायदा मोकळीक देतो म्हणून नीतीही देतेच असे नाही. ज्यू परंपरेत तालमुदच्या 'बाबा मेत्झिया' या ग्रंथात याच फटीची चर्चा आहे. पैसे दिले आहेत पण माल ताब्यात आलेला नाही, अशा वेळी सौद्यातून फिरता येते. मात्र फिरणाऱ्याला दैवी शिक्षेची आठवण देणारे कठोर शापवचन ऐकावे लागते. पैसेही दिलेले नाहीत, नुसता तोंडी शब्द झाला आहे, तर काय, यावर तिसऱ्या शतकातल्या दोन आचार्यांचे पटत नाही. योहानान यांच्या मते असा माणूस विश्वासाला कमी पडला, राव यांच्या मते तसे काही नाही. पुढच्या काळातल्या पंडितांनी आणखी एक पदर जोडला: मधल्या काळात बाजारभावच बदलला असेल, तर शब्द बदलणे तितके दोषास्पद आहे का?

सर्व्हेचे उत्तर याच पदरात आहे. ऑफर देताना घर बाहेरून दिसते तसे धडधाकट आहे, हे दोघांनीही धरून चाललेले असते. सर्व्हेने भाव बदलत नाही. ज्या समजुतीवर भाव ठरला ती मोडते. समजूत मोडल्यावर नवा भाव मागणारा शब्द मोडत नाही. पण काही खरेदीदार स्पर्धकांना बाजूला सारण्यासाठी मुद्दाम चढी ऑफर देतात आणि सर्व्हेनंतर ती खाली खेचायची हे मनात आधीच पक्के असते. त्यांचा शब्द पहिल्या दिवसापासूनच पोकळ होता आणि अहवाल हे फक्त निमित्त. दोघांच्या पत्रातला मजकूर अगदी सारखा असू शकतो. अहवाल स्वच्छ आला असता तर ही मागणी झाली असती का, एवढ्या एका प्रश्नाने दोघे वेगळे होतात, आणि त्याचे खरे उत्तर मागणाऱ्यालाच ठाऊक असते.

भारतीय धर्मशास्त्राने हा पेच मुदतीने सोडवला. 'क्रीतानुशय', म्हणजे घेतल्यानंतरचा पस्तावा, हे तिथे व्यवहाराचे, म्हणजे न्यायालयीन वादाचे, स्वतंत्र पद आहे. याज्ञवल्क्यस्मृती तपासणीसाठी बियाण्याला दहा दिवस देते, लोखंडाला एक आणि रत्नांना सात. दासदासींनाही त्याच यादीत मुदती आहेत, हे त्या काळाचे वास्तव नजरेआड करण्याजोगे नाही. नारदस्मृतीचा नियम अधिक करडा आहे: गुणदोष आधी स्वतः पारखून घ्यावेत; पारखून पसंत केलेला माल परत होत नाही. घराच्या बाबतीत कौटिल्याने सगळा व्यवहारच चव्हाट्यावर आणला. अर्थशास्त्रानुसार घर शेजाऱ्यांच्या साक्षीने घरासमोर पुकारायचे, हद्दी आहेत तशा सांगायच्या, किंमत तीनदा जाहीर करायची. आणि चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ विकणाऱ्याला नाही, राजकोशाला. चढाओढीचा मोह विकणाऱ्याच्या मनातून काढण्याचा इतका रोखठोक उपाय नंतर फारसा कोणी सुचवला नाही.

दुसरा प्रश्न, दोष कोणी सांगायचा? इ.स.पू. ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरोने 'कर्तव्यांविषयी' हा ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकतो आहे. ते आरोग्याला घातक आहे, लाकूड किडलेले आहे, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. अँटिपेटर या स्टोइक तत्त्वज्ञाच्या मते न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे, किंबहुना त्याहून वाईट. त्याचे गुरू डायोजेनीस म्हणतात, मालकाने कोणाला घ्यायला भाग पाडलेले नाही. त्याने घराची खोटी स्तुतीही केलेली नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे. तो रोममधला एक निवाडाही सांगतो: कीलियन टेकडीवरच्या घराचा उंच भाग शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या नजरेआड येत होता, म्हणून तो पाडायचा हुकूम निघाला होता. मालक क्लॉडियसने हुकूम दडवून घर विकले. पाडापाडी विकत घेणाऱ्याच्या गळ्यात आली. निवाड्याला बसलेल्या मार्कस केटोने सांगितले, मालकाला ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, तेव्हा नुकसान त्याने भरून द्यावे.

इंग्लंडचा कायदा मात्र शतकानुशतके डायोजेनीसच्या बाजूने झुकला. विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये, एवढेच मालकावरचे बंधन. न विचारलेले सांगायची सक्ती सहसा नाही. घरात पूर्वी झालेल्या खुनाची माहिती मालकांनी सांगितली नाही, अशा एका खटल्यात २००४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल मालकांच्याच बाजूने दिला. अशा व्यवस्थेत सर्व्हे ही खरेदीदाराची चैन राहत नाही. मालकाच्या मौनाला तेच एक उत्तर उरते. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५५ वेगळी वाट धरते. उलट करार नसेल तर, मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते चुकवणे ही फसवणूक. तरीही महाराष्ट्रात जुना फ्लॅट घेताना तपास होतो तो कागदांचा: सर्च रिपोर्ट, सोसायटीचा ना-हरकत दाखला, थकबाकी. भिंतींकडे वळतो कोण? वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती मार्चमध्ये पुट्टी-रंगाखाली लपते आणि जुलैत पोपडे धरून बाहेर येते. नुसते न सांगणे आणि रंग मारून झाकणे यांत डायोजेनीसनेही फरक केला असता.

तिसरा प्रश्न रकमेचा, आणि घासाघीस खरी इथेच बिघडते. तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर लिहिताना दोषांची फोड केली. पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे हे पाप. पण दोष उघड दिसणारा असेल आणि किंमत त्या मानाने कमी ठेवलेली असेल, तर तो तोंडाने सांगायची गरज नाही. वरच्या जोडप्याला हे थेट लागू पडते. घर शंभर वर्षांचे आहे हे त्यांना पहिल्याच भेटीत दिसले होते. नव्या घराची किंमत त्यांनी देऊ केलेली नव्हती. वायरिंगचे जुनेपण बहुधा किमतीत आलेलेच आहे. ते पुन्हा वजा मागणे म्हणजे एकाच दोषाचे पैसे दोनदा घेणे. खिळ्यांचा गंज मात्र खालून दिसत नव्हता. त्यातही नवे छप्पर आणखी कैक दशके टिकेल आणि तो लाभ खरेदीदाराचाच. संपूर्ण खर्च मालकाने सोसावा ही मागणी म्हणून जास्तच. ओलीची गोष्ट तर आणखी नाजूक. ते यंत्र मुळात लाकडातला ओलावा मोजायला बनवलेले. प्लास्टरवर त्याचा आकडा इशारा ठरतो, पुरावा नाही. न्याय्य मागणी १४,००० च्या निम्म्याच्या आसपास कुठेतरी येते. खरेदीदार तीन कंत्राटदारांचे अंदाज मिळवून सर्वांत मोठाच पुढे करतो तेव्हा तोही मालकाइतकाच अर्धे सांगून अर्धे झाकत असतो.

दोष निघाल्यावर भाव उतरवायचा की सौदाच सोडायचा, याबाबतही परंपरा एकमताने बोलत नाहीत. रोमन कायद्यात दोन्ही वाटा होत्या: माल परत करून पैसे घेणे किंवा किंमत कमी करून घेणे. इस्लामी कायद्यातल्या हनफी विचारावर आधारलेल्या ऑटोमन दिवाणी संहितेने, मेजेल्लेने, मधला रस्ता बंद केला. घेणाऱ्याने वस्तू परत करावी, नाहीतर ठरलेल्या किमतीला ठेवावी; ठेवून वर सूट मागू नये. हा नियम कठोर वाटतो, पण घर हवेच असणाऱ्याच्या हातून तो दोषाचे हत्यार काढून घेतो.

पहिल्यांदा घर घेणाऱ्याच्या बाबतीत बळाचा हिशेब दुहेरी असतो. त्याला विकायचे घर नसते, म्हणून तो एकमेकांवर अवलंबून असलेल्या विक्री-खरेदीच्या साखळीत अडकलेला नाही, आणि मालकाला असा ग्राहक हवाच असतो. उलट त्याच्या हाताशी शिलकी रक्कम थोडी असते. बँकेने घराचे मूल्य कमी धरले तर फरक भरायला पैसेच नसतात. अशा वेळी कमी किंमत मागणे हा डावपेच नसतो, ती लाचारी असते, आणि ती तशीच सांगितलेली बरी. पण मालकाने पुढचे घर ठरवून टाकले आहे, सामान बांधले आहे, हे हेरून कराराच्या प्रतींची अदलाबदल व्हायच्या आदल्या दिवशी भाव पाडणे ही वेगळीच गोष्ट. समोरच्याच्या विशेष गरजेमुळे विकणाऱ्याने भाव चढवू नये, असे अक्वायनसचे म्हणणे. भाव पाडणाऱ्यालाही ते तितकेच लागू पडते. दोष घराचा असतो, अडचण माणसाची. किंमत घराची ठरायची आहे.

खरेदीदाराचे कर्तव्य बहुतेक चर्चांत निसटते. कलम ५५ ते विसरत नाही: मालकाच्या हक्काविषयी किंमत लक्षणीय वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला माहीत आणि मालकाला नसेल, तर ती त्यानेही सांगायची आहे. सिसेरोच्या ग्रंथात क्विंटस स्कीव्होलाची गोष्ट आहे. त्याने शेताची किंमत एकदाच आणि शेवटची विचारली. ऐकल्यावर शेत त्याहून मोलाचे आहे म्हणाला आणि एक लाख सेस्टर्स वर दिले. हे सज्जनाचे वागणे आहे, शहाण्याचे नव्हे, असे लोक म्हणत, आणि सिसेरोला खटकते ती हीच फारकत.

स्कॉटलंडने १ डिसेंबर २००८ पासून हा वाद वेळापत्रक बदलून पुष्कळसा कमी केला. तिथे घर विक्रीला काढताना मालकालाच सर्व्हेचा समावेश असलेला 'होम रिपोर्ट' द्यावा लागतो आणि तो त्या वेळी बारा आठवड्यांहून जुना चालत नाही. दोष कळल्यावरच ऑफर येते, त्यामुळे समजूत मोडण्याचे कारण फारसे उरत नाही. सर्व्हेयरची फी मालक देतो, म्हणून अहवाल मऊ होतो का, ही शंका मात्र तिथे नव्याने आली.