मधले नऊ दिवस

पारनेर तालुक्यातलं सुपा, मे महिन्याची दुपार. नगर-पुणे महामार्गावरून ट्रक सरळ जाताहेत, आणि रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका घराच्या ओट्यावर एक बॅग अर्धवट उघडी पडली आहे. आतले कपडे धुवायला गेले, पण बॅग माळ्यावर गेलेली नाही, कारण नऊ दिवसांनी ती पुन्हा भरायची आहे. घरातली सून मुलांना घेऊन परवाच राजूरहून, माहेराहून परतली. पुढचा प्रवास काशीचा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. त्या हिशेबानं मार्चमध्येच तिकिटं निघाली आणि मधले हे नऊ दिवस आपसूक मोकळे राहिले. सुनेनं ते मनाशी जपून ठेवले होते.

सकाळी नणंदेचा फोन आला. तुम्ही घरीच आहात तर मुलांना घेऊन चार दिवस येऊन जाते, म्हणाली. फोन अण्णांनी घेतला होता. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी लगेच ‘ये’ म्हटलं नाही, ‘विचारून सांगतो’ म्हणाले. या घरात लेकीच्या येण्याबद्दल कुणाला विचारायची ही पहिलीच वेळ.

“काय सांगू तिला?” दुपारी ओट्यावर त्यांनी विषय काढला.

सून कैऱ्या पुसत होती. “अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला हे दिवस हवे होते.”

“काशीला चालायचंय खूप, पायांना आराम हवाच.”

“काशीसाठी नाही. पुढच्या प्रवासासाठी ताजंतवानं व्हायचं, मग तो आराम कसला, तीही तयारीच झाली. मला नुसतं घरी असायचंय.”

अण्णांना हे पटलं. वर्गात कधीतरी सांगितलेली गोष्ट त्यांना आठवली. पुन्हा कामाला लागता यावं म्हणून घेतलेली विश्रांती आणि जिच्यासाठी माणूस काम करतो ती फुरसत, हा फरक ॲरिस्टॉटलनं केला होता. त्या फुरसतीला ग्रीक भाषेत ‘स्खोले’ म्हणत. ‘स्कूल’ हा शब्द तिच्यातूनच आला. “पण तिलाही तेच हवंय ना,” ते म्हणाले. “सासरी तिला कोण बस म्हणतं? माहेरच बंद झालं तर तिनं टेकायचं कुठं?”

खरी अडचण इथेच होती. विसावा दोघींना हवा होता, छप्पर एकच होतं, आणि एक बसली की दुसरीला उठावं लागणार होतं. आपण माहेरपणाचं कौतुक करतो तेव्हा येणारीकडे पाहतो. तिच्या पानात गरम पोळी कुणी वाढली, ते सहसा विचारत नाही.

सुनेला मात्र एवढ्यावर थांबता येईना. हातातली कैरी खाली ठेवून ती म्हणाली, “नाही म्हणायला माझीच जीभ रेटत नाही, अण्णा. राजूरला सहा दिवस मी कुठली भाजी करायची एवढंसुद्धा विचारलं नाही. सकाळी उठायच्या आत चहा व्हायचा. तो वहिनी करायची. शाळेला सुट्टी होती, तिलाही बसावंसं वाटलं असेल. तिची सुट्टी मी वापरून आले.”

“मग हिशेब बरोबरच होतो की. तुझ्या वहिनीनं तुला दिलं, तू माझ्या लेकीला दे, ती तिच्या नणंदेला देईल.”

“होतो. पण या हिशेबात सगळ्या बायकाच आहेत.”

अण्णा गप्प झाले.

तिचं म्हणणं आकड्यांनी तोलता येतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ही आपल्याकडच्या विश्रांतीच्या इतिहासातली फार मोठी तारीख आहे. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी त्याच वाटेनं आली. पण रविवारी भोंगा थांबला तरी चूल पेटायचीच, आणि गिरणीत राबणाऱ्या बायकांना दुसरी पाळी घरी असायचीच. याच तालुक्यातल्या ढवळपुरीचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाटेत वाडा हलतो तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादणं, पुढच्या मुक्कामी पोचून चूल मांडणं हे बायकांकडेच असतं. मुक्काम सगळ्यांचा असला तरी तो मांडणारी तीच.

बऱ्याच वेळानं अण्णा बोलले. “तुझी सासू चैत्रात मळगंगेच्या यात्रेला निघोजला जायची. तिचं माहेर. वर्षात तेवढेच तीन-चार दिवस. एरवी मे महिनाभर हे घर भरलेलं. लेक, भाचरं, पुतणे. मी लोकांना अभिमानानं सांगायचो, आमच्या घरी कुणाला नाही म्हणत नाहीत.” ते थांबले. “ती बसलेली मला आठवत नाही गं.”

सून काही बोलली नाही. या वाक्याला उत्तर नव्हतंच.

मग तिनेच विषय पुढे नेला. “काशीला आपण ज्या देवळात जाणार, ते १७८० मध्ये अहिल्याबाईंनी उभं केलं. चौंडीची लेक, आपल्याच जिल्ह्यातली. त्यांनी देवळांबरोबर घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, आणि खर्च आपल्या खासगीतून केला. वाटसरूच्या विसाव्याला पैसा लागतो, माणसं लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. तो कुण्या एकीच्या चांगुलपणावर सोडला नाही.”

“म्हणजे घरातही सोय करायची.”

“हो. ताईंना या म्हणा. पण चारऐवजी तीन दिवस, आणि शेवटचे चार दिवस घर आपलं आपल्याला. पोळ्या बाहेरून आणायच्या, पैसे देऊन. ह्यांनी दोन दिवस रजा टाकायची. आणि कुरडया यंदा नाहीत.”

शेवटची अट अण्णांना जड गेली. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवून गरम असतानाच साच्यातून पाडायचा. लेक दर उन्हाळ्यात डबा भरून घेऊन जाते. आईच्या हातच्या म्हणून सुरू झालेली ती रीत आई गेल्यावर सुनेनं चालवली होती. त्यांनी एकदा गच्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

इथे कुणी म्हणेल, लेकीला माहेरी यायला अटी घालणं बरं दिसत नाही. लेखकाला उलट वाटतं. अटी आधीही होत्याच, फक्त त्या एकीलाच लागू होत्या आणि तिला त्या कुणी वाचून दाखवल्या नव्हत्या.

संध्याकाळी अण्णांनी स्वतः फोन लावला. बुधवारी ये, म्हणाले, शनिवारी सकाळच्या एसटीनं परत. कुरडया नाहीत हेही सांगितलं. पलीकडून क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग लेक म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. वहिनीला म्हणावं, बुधवारचा स्वयंपाक मी आल्यावर दोघी मिळून करू.”

“दोघी नको,” अण्णा म्हणाले. “मी खिचडी टाकून ठेवतो.”

बुधवारी खिचडी थोडी खाली लागली होती. सगळ्यांनी ती लोणच्याशी खाल्ली, आणि जेवणानंतर सून व नणंद दोघी भांडी तशीच ठेवून चार वाजेपर्यंत झोपल्या.