हेडच्या वर

मामांची सगळी नोकरी प्रवरेच्या कालव्यावर गेली. श्रीरामपूरकडच्या एका चारीवर ते पाटकरी. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन चारी तुडवायची, कुणी ती फोडली तर बुजवायची, आणि टेलच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. कारण हेडवाले आधी भिजवून घेतात आणि टेलला पाणी पोचता पोचता आवर्तन संपतं. पण ज्या धरणातून हे पाणी येतं, ते भंडारदरा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर जावई पुण्याहून गाडी घेऊन आला. म्हणाला, "मामा, चला. एका दिवसात अख्ख्या जलाशयाला चक्कर मारून आणतो."

मे सरत आला होता. धरणाजवळच्या शेंडी गावात चहा झाला आणि मामा भंडारदऱ्याच्या, म्हणजे विल्सन धरणाच्या, भिंतीशी जाऊन उभे राहिले. १९१० साली काम सुरू, १९२६ साली पुरं, साठा ११ टीएमसी; सगळं तोंडपाठ. सोयरीक जुळवायला आल्यासारखं भिंतीला खालून वर न्याहाळलं आणि "घर मजबूत आहे," एवढंच बोलले.

जावयाला घाई होती. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघरचा कोकणकडा, साम्रदची सांदण दरी, रतनवाडीचं अमृतेश्वर आणि अंधाराच्या आत परत शेंडी. रस्ता मात्र देखणा. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, कडेला हिरडे आणि करवंदांच्या जाळ्या. लोक इथे लोटतात ते पावसाळ्यात, धबधब्यांसाठी. पण मे महिन्यात डोंगराची हाडं दिसतात, आणि मला विचाराल तर तेच रूप खरं. घाटघरला कड्यावर असा वारा की मामांनी टोपी काढून खिशात घातली. सांदण उतरणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. वरूनच हात जोडून ते गाडीत येऊन बसले.

रतनवाडीच्या अलीकडे एका वाडीशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. पाणी बरंच खाली गेलं होतं. भेगाळलेल्या गाळातून वर येणारी एकच पायवाट, आणि तिच्यावरून डोक्यावर हंड्यावर हंडा घेतलेली एक बाई चढत होती. रस्त्याला लागल्यावर तिने हंडे बांधावर टेकवले. पदराची चुंबळ सोडून घाम पुसला.

"एवढ्या लांबून पाणी आणता, बाई?" मामांनी विचारलं.

"दिवाळीला इथंच असतं की, हात घातला की पाणी. मग तुमच्याकडं सोडत्यात, अन् आमची वाट वाढत जाती."

"किती वाढते?"

"पाणी सोडलं की आठ दिवसांनी पाय सांगत्यात. आता अजून एकदा सोडलं तर त्या झाडाच्याही खाली." तिने बोट दाखवलं. झाड कसलं, पूर्वी कधी बुडालेला काळा बुंधा होता तो.

मामांचा हात सवयीने खिशातल्या डायरीकडे गेला. "सात नंबरचा अर्ज भरलाय का पाणी मागणीचा?"

बाई हसली. "हंडा भरते, बाबा. अर्ज कसला?"

जावई घड्याळ बघत होता. अमृतेश्वर राहिलं होतं. मामा बांधावर बसले. "जन्मभर टेलवाल्यांची भांडणं तोडली," ते म्हणाले, "हेडच्या वर कुणी राहतं, हे कधी डोक्यातच आलं नाही." जावयाने बाईंचा एक हंडा उचलून बघितला, दोन पावलं चालला आणि हिसळलेलं पाणी बुटांवर घेऊन मुकाट्याने खाली ठेवला. मग त्याने गाडीचं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. गावाकडून पुतण्या. उसाला ताण बसतोय म्हणून वैतागलेला. "नाना, धरणावरच आहात ना? पाणी दिसतंय का? जूनच्या आधी अजून एक आवर्तन निघेल की नाही, तेवढं सांगा. इथं पारावर सगळे वाट बघतायत."

मामांनी काळ्या बुंध्याकडे पाहिलं. "जरा थांब. इथं एक बाई आहेत, त्यांना विचारून सांगतो."

फोन त्यांनी तसाच बाईंच्या पुढे धरला. बाईंना गंमत वाटली. हंडे डोक्यावर चढवत त्या मोठ्याने म्हणाल्या, "न्या की, नको कोण म्हणतंय? पण सोडाल त्या दिवशी एक जण हंडा धरायला पाठवा!"